मोबाइलवरील एचडी चित्रफीत आणि घरातील टीव्ही: नंदुरबार जिल्ह्यापुरता एक आढावा

मोबाइलवरील एचडी चित्रफीत टीव्हीवर दाखवायची तर तीन टप्पे पार पडावे लागतात. चित्रफीत आधी फोनपर्यंत यावी लागते, फोनला ती उलगडता यावी लागते आणि मग तारेने किंवा बिनतारी मार्गाने ती टीव्हीपर्यंत पोचावी लागते. शहरात पहिला टप्पा सुटल्यात जमा असतो. त्यामुळे या विषयावरचे बहुतेक मार्गदर्शन तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होते आणि घरात वायफाय आहे असे गृहीत धरते. नंदुरबार जिल्ह्यात हे गृहीतक सगळीकडे टिकत नाही.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सहा तालुके आहेत. नंदुरबार, शहादा आणि तळोद्याचा बराचसा भाग तापीच्या सपाटीवर आहे. नवापूर गुजरातला लागून आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी (मुख्य गाव धडगाव) हे तालुके सातपुड्याच्या रांगांत पसरले असून उत्तरेला नर्मदेपर्यंत जातात. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यात अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ६९ टक्के होता. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले. नेटवर्क मात्र डोंगरातल्या पाड्यांपर्यंत त्या गतीने गेले नाही. फोन आणि टीव्ही जोडण्याच्या कोणत्या पद्धतीला काय मोल द्यायचे, हे या भूगोलावरून ठरते.

पार्श्वभूमी

खानदेशात पडद्यावरचे चित्र बराच काळ हातोहात फिरत आले. भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर, त्यानंतर सीडी आणि डीव्हीडी, त्यानंतर मेमरी कार्ड, असा हा क्रम आहे. शेजारच्या मालेगावात हौशी कलावंतांनी थोडक्या पैशांत चित्रपट काढायला सुरुवात केली आणि तिथले विनोदी व्हिडिओ आधी सीडीवरून, मग यूट्यूबवरून साऱ्या खानदेशात गेले. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने ही धडपड देशभर पोचवली. सीमेपलीकडच्या दक्षिण गुजरातशी नवापूर आणि अक्कलकुव्याचा नित्य संबंध असल्यामुळे आदिवासी टिमली नाच-गाण्यांच्या चित्रफिती दोन्हीकडून ये-जा करत राहिल्या. आठवडे बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात कार्ड भरून घेण्याची रीत नेट स्वस्त होईपर्यंत चालू होती. ती आजही पूर्ण मोडलेली नाही.

फोन टीव्हीला जोडण्याची सोय स्मार्टफोनच्या लाटेबरोबर आली असे समजले जाते, पण ती थोडी जुनी आहे. २००७ चा नोकिया एन९५ हेडफोनच्या छिद्रातून तीन रंगांच्या आरसीए पिनांच्या तारेने साध्या टीव्हीवर चित्र दाखवत असे. ते चित्र एचडी नव्हते. २०१० च्या नोकिया एन८ मध्ये एचडीएमआय निर्गम आला. २०११ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस२ ने १०८०पी चित्रीकरण आणि चार्जिंगच्याच छिद्रातून एचडी चित्र बाहेर काढण्याची सोय एकत्र दिली. हे सगळे महागडे फोन होते.

जिल्ह्याच्या दृष्टीने खरा बदल ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाल्यावर आला. पुढच्या वर्षी जुलैत जिओफोन जाहीर झाला तेव्हा त्याच्यासोबत एका तारेचीही घोषणा झाली होती: फोन कोणत्याही टीव्हीला, अगदी जुन्या काचेच्या टीव्हीलाही जोडायचा आणि ३०९ रुपयांच्या योजनेत रोज तीन-चार तास कार्यक्रम पाहायचे. हा फोन स्मार्टफोन नव्हता आणि ही जोडणी पुढे फारशी रुजली नाही. तरीही ग्रामीण घरातला टीव्ही हाच मोठा पडदा आहे आणि फोन त्याचा स्रोत होऊ शकतो, ही कल्पना मोठ्या कंपनीने उघडपणे मांडलेला तो ठळक प्रसंग म्हणावा लागेल.

फोनच्या आत

१०८०पी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला २४ बिट आणि सेकंदाला ३० चित्रे धरली, तर सेकंदाला जवळपास १४९ कोटी बिट होतात. नेटवरून येणारी चित्रफीत सेकंदाला ५० लाख बिटांच्या, म्हणजे ५ एमबीपीएसच्या आसपास असते. मधली सुमारे तीनशे पटींची दाबणी कोडेक करतो. एच.२६४ हा कोडेक २००३ मध्ये प्रमाणित झाला आणि आज तो अगदी साध्या फोनलाही उलगडतो. २०१३ च्या एचईव्हीसीला आणि गुगलच्या व्हीपी९ ला तेवढ्याच दर्जासाठी बरेच कमी बिट लागतात. २०१८ चा एव्ही१ याबाबतीत आणखी पुढे आहे, आणि त्यावर स्वामित्वशुल्क लागू नये हा त्याच्यामागचा हेतू होता.

उलगडण्याचे काम फोनच्या चिपमधील खास विभाग करतो किंवा मुख्य प्रोसेसर सॉफ्टवेअरच्या जोरावर करतो. पहिल्या पद्धतीत बॅटरी वाचते. दुसरीत फोन तापतो, चित्र अडखळते आणि आवाज पुढे-मागे होतो. एमएक्स प्लेयर भारतात एवढा पसरला याचे एक कारण, त्यात या दोन पद्धतींमध्ये बोटाच्या टिचकीने अदलाबदल करता येत होती. चित्र दिसते पण आवाज येत नाही ही तक्रारही त्याच काळातली. चित्रपटांच्या फायलींमधला एसी३ किंवा डीटीएस ध्वनी परवान्याच्या कारणाने काही प्लेयरमधून वगळला गेला होता, आणि दोष फोनचा नसून त्या वगळण्याचा होता.

एव्ही१ बाबत मतभेद आहे. डेटा कमी लागतो म्हणून कमजोर नेटवर्कच्या भागात तोच हवा, असे एक मत आहे. दुसऱ्या मताने, ज्या भागात नेट कमजोर आहे तिथेच फोनही स्वस्त असतात, त्यांच्या चिपमध्ये एव्ही१ उलगडण्याचा विभाग नसतो आणि डेटात वाचलेले बॅटरीत जाते. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी बरोबर आहेत. नव्या चिप खालच्या किमतीत उतरतील तसा हा वाद मिटत जाईल.

तारेचा मार्ग

तारेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ आहे. तारेला नेट लागत नाही, वायफाय लागत नाही, चित्र अडकत नाही. अडचण तारेत नसून फोनच्या छिद्रात आहे. २०१० मध्ये नोकिया, सॅमसंग, सोनी, तोशिबा आणि सिलिकॉन इमेज यांनी एमएचएल नावाचे प्रमाण पुढे आणले. मायक्रो यूएसबीच्या छिद्रातून एचडीएमआयला चित्र देणारी ही पद्धत काही वर्षे चालली, मग फोनमधून हळूहळू नाहीशी झाली. तिची जागा यूएसबी-सी छिद्रातल्या डिस्प्लेपोर्ट सोयीने घेतली. हे प्रमाण २०१४ मध्ये जाहीर झाले.

इथे बाजारात मोठा घोटाळा आहे. छिद्र सी-प्रकारचे असले म्हणजे त्यातून चित्र बाहेर पडतेच असे नाही. सॅमसंगच्या वरच्या श्रेणीत ही सोय आहे, २०२३ पासूनच्या आयफोनमध्ये आहे. पण दहा-पंधरा हजारांच्या बहुतेक फोनमधले सी-छिद्र चार्जिंग आणि साध्या यूएसबी २.० पुरतेच असते. तरीही ‘सगळ्या फोनला चालेल’ अशी तार दुकानात मिळते. तिच्या डब्यातली छोटी चिप अॅपच्या मदतीने पडद्याचे चित्र पुन्हा दाबून यूएसबीतून घेते. तिला वेगळी वीज द्यावी लागते आणि संरक्षित कार्यक्रम लावला की टीव्ही काळा पडतो. घरगुती चित्रीकरणासाठी ती चालून जाते. ग्राहकाला तिच्याकडून वरच्या श्रेणीतल्या फोनसारखी अपेक्षा असते, एवढाच प्रश्न.

तारेचाच एक जवळचा नातेवाईक म्हणजे पेनड्राइव्ह. ओटीजी जोडणीने फोनमधली फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची आणि तो टीव्हीच्या यूएसबी छिद्रात खोचायचा. यात उलगडण्याचे काम टीव्ही करतो, त्यामुळे त्याला त्या फाइलचा कोडेक कळायला हवा. शिवाय पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. लांबलचक लग्नाची एचडी चित्रफीत इथेच अडते.

बिनतारी मार्ग

बिनतारी पद्धतींची नावे कंपनीगणिक बदलतात, पण तत्त्वे तीनच आहेत.

पहिले तत्त्व फाइल जशीच्या तशी देण्याचे. २००३ मध्ये सोनी, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या संघटनेने डीएलएनए हे प्रमाण केले. फोन फाइल पुरवतो, टीव्ही ती उलगडतो, आणि दोघे एकाच वायफायवर असले की पुरते. बाहेरच्या इंटरनेटची गरज नसते. ही संघटना २०१७ मध्ये विसर्जित झाली, पण पद्धत अनेक टीव्हींत शिल्लक आहे.

दुसरे तत्त्व फोनचा पडदाच टीव्हीवर उमटवण्याचे. वाय-फाय अलायन्सने २०१२ मध्ये आणलेला मिराकास्ट हे त्याचे मुख्य उदाहरण. फोन आणि टीव्ही मधल्या राउटरशिवाय एकमेकांना थेट जोडले जातात. फोन आपल्या पडद्याचे चित्र पुन्हा दाबतो आणि पाठवतो. म्हणजे आधी उलगडलेली चित्रफीत दुसऱ्यांदा दाबली जाते आणि दर्जा घसरतो. पडदा चालू ठेवावा लागतो, बॅटरी जाते, आवाज किंचित मागे राहतो. फायदा असा की फोनवर जे दिसेल ते सगळे टीव्हीवर दिसते. अँड्रॉइड ४.२ मध्ये गुगलने मिराकास्ट घेतला आणि काही वर्षांनी स्वतःच्या फोनमधून काढून टाकला. सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो यांनी मात्र तो आपापल्या नावाने ठेवला. स्मार्ट नसलेल्या टीव्हीसाठी एचडीएमआयला लावायचे एनीकास्टसारखे स्वस्त डोंगल याच तत्त्वावर चालतात.

तिसरे तत्त्व फक्त पत्ता देण्याचे. जुलै २०१३ मध्ये आलेले क्रोमकास्ट फोनकडून चित्रफितीचा पत्ता घेते आणि चित्र थेट नेटवरून स्वतः ओढते. फोन मोकळा राहतो, दर्जा पूर्ण मिळतो. भारतात ते २०१४ च्या अखेरीस २,९९९ रुपयांना विक्रीला आले. अॅपलच्या एअरप्ले पद्धतीत दुसरे आणि तिसरे तत्त्व एकत्र आहे.

तंत्राच्या निकषावर तिसरी पद्धत सरस ठरते आणि शहरी समीक्षकांचा कौल तिलाच असतो. तिच्यावरचा आक्षेप एकच, पण तो इथे वजनदार आहे: नेट नसेल तर तिचा नेहमीचा वापर ठप्प होतो. घरात राउटर नसेल तर हॉटस्पॉटवर भागवावे लागते. बऱ्याचदा एक फोन हॉटस्पॉटला आणि दुसरा कास्टला, अशी विभागणी करावी लागते. दुसऱ्या बाजूला, मिराकास्टला कनिष्ठ ठरवणाऱ्या चाचण्या वायफाय असलेल्या घरात झालेल्या असतात. फोनमध्ये फाइल आहे आणि नेट नाही, अशा घरी निकाल उलटा लागतो. सातपुड्यातल्या तोरणमाळच्या किंवा मोलगीच्या परिसरात बसून पाहिले तर सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी चमकदार साधने अधिक कामाची ठरतात, असे म्हणायला जागा आहे.

परवाने आणि योजना

जोडणी बरोबर असूनही चित्र एचडी दिसत नाही, याचे कारण पुष्कळदा हक्कांच्या बंदोबस्तात असते. चित्रपट-मालिकांच्या अॅपमध्ये गुगलची वाइडवाइन ही संरक्षणव्यवस्था वापरली जाते. तिची एल१ पातळी असलेल्या फोनवर एचडी मिळते. एल३ असलेल्या फोनवर नेटफ्लिक्ससारखी सेवा दर्जा साध्या चित्रापर्यंत खाली आणते. पडदा कितीही चांगला असला तरी त्याने फरक पडत नाही. एल३ फोनवरून क्रोमकास्टला पत्ता दिला तर टीव्हीवर एचडी दिसू शकते, कारण तिथे ओढणारे यंत्र वेगळे आणि त्याचा परवानाही वेगळा.

दुसरा अडसर योजनेचा. नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये भारतासाठी १९९ रुपयांची फक्त मोबाइलची योजना आणली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिची किंमत १४९ केली. तिच्यात टीव्हीवर पाहण्याची मुभा नाही. कंपन्यांची बाजू अशी की, फोनवर एकटा माणूस पाहतो आणि टीव्हीवर घर पाहते, म्हणून किंमत वेगळी असणे वाजवी आहे. अशी स्वस्त योजना नसती तर कमी उत्पन्नाचा ग्राहक आलाच नसता. ग्राहकाच्या बाजूने असे म्हटले जाते की, एका फोनवर चौघे डोके घालून पाहतात ते चालते आणि तेच चौघे टीव्हीसमोर बसले तर चालत नाही, यात तर्क नाही. २०२५ च्या अखेरीस नेटफ्लिक्सने रिमोट असलेल्या बहुतेक टीव्हींवर फोनमधून कार्यक्रम पाठवण्याची सोयही काढून घेतली. टीव्हीवरचे अॅप वापरा, असा त्याचा अर्थ.

डेटा, वीज आणि टीव्हीचा आकार

५ एमबीपीएसने एक तास पाहिले तर सव्वादोन जीबी लागतात. रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जवर १०८०पी चित्र ४० मिनिटे चालेल. ७२०पी ला ३ एमबीपीएस धरले तर तोच डेटा तासाभराहून थोडा अधिक पुरतो. यात एक सोय अशी की, ग्रामीण घरात सर्रास दिसणारा ३२ इंची टीव्ही बहुधा ‘एचडी रेडी’ असतो आणि त्याचा पडदा १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा असतो. त्याला १०८०पी पाठवणे म्हणजे जास्तीचे बिंदू फेकून देणे. ‘फुल एचडी’च्या जाहिरातींनी ही साधी गोष्ट झाकली आहे की अशा टीव्हीसाठी ७२०पी पुरे.

विजेचा हिशेबही यातच येतो. असा एलईडी टीव्ही ३० ते ५० वॉट घेतो. दोन-तीन दिवे आणि फोनची चार्जिंग एवढ्यासाठी बसवलेल्या घरगुती सौरसंचाला तो झेपत नाही. अक्राणीतल्या बिलगावात लोकांनी श्रमदानाने २००३ मध्ये ओढ्याच्या पाण्यावर १५ किलोवॉटचा वीजप्रकल्प उभा केला होता. तो २००६ मध्ये सरदार सरोवराच्या पाण्यात बुडाला. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेने घराघरांत जोडणी देण्याचे काम पुढे नेले, तरी पावसाळ्यात डोंगरातला पुरवठा खात्रीचा नसतो. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांबरोबर फोन जातो, टीव्ही जात नाही. तेवढे महिने फोन हाच पडदा असतो आणि परतताना कार्डात भरून आणलेल्या चित्रफिती घरच्या टीव्हीवर लागतात.

काही घरे या साऱ्या खटाटोपाला बगल देऊन डीडी फ्री डिशवर समाधानी असतात. २००४ पासून चालू असलेल्या या सेवेला मासिक भाडे नाही आणि डेटा लागत नाही. पण काठीच्या राजवाडी होळीचे किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचे घरच्याच कोणी काढलेले चित्रण तिच्यावर येणार नाही. फोन टीव्हीला जोडण्याची गरज इथे मुख्यतः अशा आपल्या चित्रणासाठी उरते.

शाळांमधला वापर

फोन आणि टीव्हीच्या जोडणीचा सार्वजनिक वापर सर्वाधिक झाला तो जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयानंतर राज्यभर शिक्षकांनी लोकवर्गणीतून टीव्ही आणि प्रोजेक्टर घेतले. संगणक परवडला नाही तिथे शिक्षकाचा स्वतःचा फोन हाच स्रोत झाला. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या दीक्षा अॅपमध्ये पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून चित्रफीत उघडता येते आणि एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय दाखवता येते. यासाठी कास्टपेक्षा तार किंवा मिराकास्ट सोयीचा पडतो. करोनाकाळात २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली आणि फोन नसलेल्या मुलांपर्यंत टीव्हीमार्फत जाण्याचा वेगळा प्रयत्न झाला.

शैक्षणिक उपयोगाबद्दल एकमत नाही. एक पक्ष मोठ्या पडद्यावर एकत्र पाहण्याच्या बाजूने आहे. भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या मुलांना प्रमाण मराठीतली चित्रफीत जशीच्या तशी कळत नाही. शिक्षक ती मध्येच थांबवून मुलांच्या बोलीत सांगू शकतो, आणि हे एकेकट्या फोनवर होत नाही. दुसऱ्या पक्षाला वाटते की पडदा लागला की वर्ग प्रेक्षक होतो आणि मुलांचे बोलणे-करणे थांबते. पहिल्या पक्षाचा मुद्दा या जिल्ह्यात अधिक लागू पडतो, मात्र त्याला मुलांची बोली जाणणारा शिक्षक वर्गात असावा लागतो. यंत्रखरेदीच्या चर्चेत ही अट सहसा मागे पडते.

अनिर्णित बाबी

साधनांच्या आयुष्याचा प्रश्न उघडाच आहे. मार्च २०२५ मध्ये प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट यंत्रे जगभर एकाएकी बंद पडली. दुरुस्ती काही दिवसांत झाली, पण ती नेटवरूनच पोचायची होती. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलने क्रोमकास्टचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले होते. तारेला अशी मुदत नसते. पण तारेला छिद्र देणारे फोन महागच राहिले आहेत. स्वस्त फोनमध्ये ही सोय सक्तीची करावी का, यावर फोनची किंमत वाढेल असा एक आक्षेप आहे. थोडा वाढीव खर्चही या किमतीच्या बाजारात जाणवतो, त्यामुळे तो आक्षेप अगदीच पोकळ नाही.

नेटवर्कविना थेट फोनवर प्रसारण करणाऱ्या डीटूएम तंत्राच्या चाचण्या आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्ज यांच्या सहभागाने झाल्या आहेत. प्रसारणक्षेत्राला त्यात डेटाचा खर्च टळलेला दिसतो. मोबाइल कंपन्यांचा रेडिओलहरींच्या वाटपाला आणि फोनमध्ये वेगळी चिप बसवण्याला विरोध आहे. फोनवर आलेले हे प्रसारण पुढे टीव्हीवर पाठवू द्यायचे की नाही, यावर अजून फारशी चर्चा झालेली नाही.

नेटवर्कच्या बाजूने दोन हालचाली चालू आहेत. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २६,३१६ कोटी रुपये खर्चून नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांत ४जी पोचवण्याची योजना मंजूर केली आणि तिची जबाबदारी बीएसएनएलकडे दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकबरोबर उपग्रह इंटरनेटसाठी इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, वाशिम आणि धाराशिवबरोबर नंदुरबारचे नाव आहे, आणि भर शासकीय संस्था, ग्रामीण वस्त्या व सार्वजनिक सुविधांवर आहे. शाळेत किंवा आरोग्यकेंद्रात आलेली जोडणी पाड्यावरच्या घरांना वापरू दिली जाईल का, आणि कोणत्या दराने, यावर पुढचे चित्र अवलंबून आहे. ती मिळाली तर पत्ता देऊन चित्र ओढण्याची पद्धत डोंगरातही चालेल. ती संस्थेच्या भिंतीआडच राहिली, तर शिक्षक किंवा गावातला एखादा तरुण तिथे चित्रफीत उतरवून घेईल आणि घरच्या टीव्हीवर ती पेनड्राइव्ह, तार किंवा मिराकास्टनेच लागेल.